चंद्र, हापूस आणि मुंबईचा बाजार

गावाकडचे नातेवाईक दरवर्षी विचारतात, "मुंबईतला रमजानचा बाजार पाहायचा आहे, कधी येऊ?" आम्ही सांगतो, रेल्वेचं तिकीट काढण्याआधी हिजरी कॅलेंडर काढा. मुलांच्या सुट्या पाहून निघालात तर मिनारा मशिदीच्या गल्लीतली ती रात्र हुकेल.

हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान. त्यामुळे रमजान दरवर्षी मागे सरकतो आणि साधारण 33 वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. 2000 साली तो डिसेंबरच्या थंडीत होता, 2019 साली मे महिन्याच्या उकाड्यात. हापूस मात्र सूर्याचा ताबेदार; एप्रिल-मे सोडून तो कुणाची वाट पाहत नाही. या दोघांची गाठ 2018 ते 2022 या पाचही वर्षांत पडली. इफ्तारच्या दस्तरख्वानवर खजुराशेजारी रत्नागिरीच्या आंब्याची फोड आली. पण त्यातल्या 2020 साली टाळेबंदी होती. 2021 साली 14 एप्रिलला रमजान सुरू झाला आणि त्याच दिवशी राज्यात कडक निर्बंध लागले. तरावीह घरात, मालपुवा घरात, गल्ली सुनसान. पाचातले दोन रमजान असे गेले. आता ही गाठ 2050 नंतर. आमच्या घरातली बुजुर्ग मंडळी ती पाहणार नाहीत.

आंब्यासाठी पूर्वी क्रॉफर्ड मार्केट गाठावं लागे. 1869 साली बांधून झालेली ही मंडई आज महात्मा जोतिबा फुले यांच्या नावाने आहे. फळांचा घाऊक व्यापार 1996 साली वाशीला गेला, तरी मोसमात इथे पेट्यांचा वास दरवळतोच. इथून चालत निघालं की मोहम्मद अली रोड. खिलाफत चळवळीचे मौलाना मोहम्मद अली यांचं हे नाव. फिरनीच्या मातीच्या वाट्यांचे फोटो काढणाऱ्या किती जणांना ते ठाऊक असतं?

या रस्त्यावरून 2002 साली उड्डाणपूल झाला. लोक त्याला जे. जे. पूल म्हणतात. त्याचं खरं नाव कुत्बे-कोकण मखदूम अली माहिमी यांचं आहे. पंधराव्या शतकातले हे कोकणी आलिम. कुरआनवर अरबीत तफसीर लिहिणारे. 1431 साली त्यांचं निधन झालं. माहीमला त्यांच्या दर्ग्याची जत्रा दहा दिवस चालते, आणि मान मुंबई पोलिसांचा. गंमत अशी, की ती मार्गशीर्ष पौर्णिमेच्या सुमारास सुरू होते. म्हणजे आमच्या वलींची जत्रा पंचांगातल्या पौर्णिमेला! म्हणूनच ती रमजानसारखी ऋतूंतून फिरत नाही, हिवाळ्यातच राहते. ज्यांना चंद्राचा हिशेब जमत नाही, त्यांनी डिसेंबरात यावं, पाळणे पाहावेत, माहीम हलवा घ्यावा. पौर्णिमेची तारीख मात्र पाहावीच; 2023 साली जत्रा डिसेंबरअखेरीस सुरू झाली होती.

एक तक्रार उरतेच. मोहम्मद अली रोडवर नल्ली निहारी मिळते, बारा हंडी मिळते, शाही तुकडा मिळतो. ज्या कोकणाच्या वलींचं नाव डोक्यावरच्या पुलाला आहे, त्या कोकणातलं सांदण आम्हाला तिथल्या गाड्यांवर कधी दिसलं नाही. पाहुण्यांनी विचारलं तर आम्ही त्यांना सरळ डोंगरीला, खालाजानच्या घरी नेतो. तिथे सांदण उकडायला महिना लागत नाही, फक्त आधी सांगावं लागतं. तांदूळ भिजत घालायचे असतात.