पाल, इग्लू आणि घरकुल

‘एस्किमो इग्लूत राहतात’ हे वाक्य आपण शाळेत पाठ केले आणि पुढे आपल्यापैकी अनेकांनी ते वर्गात शिकवलेही. त्यातले दोन शब्द तपासून घ्यायला हवेत. ‘एस्किमो’ हे नाव बाहेरच्यांनी दिलेले. कॅनडा आणि ग्रीनलंडमधले हे लोक स्वतःला इनुइट म्हणवतात. त्यांच्या भाषेत ‘इग्लू’ म्हणजे घर, मग ते कशाचेही असो. बर्फाचा घुमट हा त्यातला एक प्रकार, तोही मुख्यतः कॅनडाच्या उत्तरेकडचा आणि हिवाळ्यापुरता. उन्हाळा आला की हीच माणसे कातड्याच्या तंबूत राहत. ऋतूप्रमाणे शिकार बदले, शिकारीप्रमाणे जागा बदले आणि जागेप्रमाणे घर बदले.

अशी घरे पाहायला उत्तर ध्रुवाकडे जायची गरज नाही. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या धनगर वाड्यांवर दिवाळीनंतर अनेक दारांना कुलपे लागतात. मेंढपाळ कुटुंबे बिऱ्हाड घोड्यावर लादून पुरंदर, भोर, मावळच्या वाटेने निघतात. काही घाट उतरून कोकणात जातात. अशा पाच-दहा कुटुंबांच्या एकत्र तळाला ते ‘वाडा’ म्हणतात. पुण्या-साताऱ्याचा दगडी वाडा जागेवरून हलत नाही आणि हा वाडा एका जागी फार दिवस थांबत नाही, ही भाषेची गंमत मुलांना जरूर सांगावी.

या फिरण्यामागे साधे भूगोलशास्त्र आहे. हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. पाऊस बेताचा, तोही लहरी. पावसाळ्यात इथल्या माळांवर आखूड पण सकस गवत उगवते आणि कोरड्या जमिनीवर दख्खनी मेंढी सुखात राहते. त्याच महिन्यांत कोकणात ती टिकत नाही, कारण सततच्या चिखलाने तिचे खूर सडतात. पावसाळ्यानंतर उलटे होते. इकडचे माळ करपतात, तर तिकडे भातकापणी झालेली खाचरे रिकामी असतात. शेतकऱ्याला लेंडीखत हवे असते, म्हणून तो मेंढरे शेतात बसवून घेतो आणि मोबदल्यात धान्य किंवा पैसे देतो.

तळ हलवताना बायका घोडी घेऊन पुढे जातात आणि पुरुष मेंढरे चारत आडवाटेने येतात. संध्याकाळपर्यंत तीन दगडांची चूल पेटलेली असते, पाल उभे असते आणि मेंढरांसाठी वाघर, म्हणजे जाळ्याचे कुंपण, लावलेले असते. कोंबड्या, कोकरे, पीठ, भांडी, तान्हे मूल, सगळे घोड्यावरून आलेले. या घराला भिंती नाहीत, पण घोंगडी आहे. लोकरीच्या कुरळ्या तंतूंमध्ये हवा अडकून राहते. अडकलेली हवा उष्णता सहज वाहू देत नाही. लोकरीतल्या नैसर्गिक मेणचट पदार्थामुळे पावसाचे थेंबही चटकन आत मुरत नाहीत. थंडीत पांघरूण, पावसात खोळ आणि बसायला आसन, अशी ही घोंगडी. वारा बडवून दाबून बसलेल्या बर्फातही अशीच हवा कोंडलेली असते. बर्फाच्या इग्लूत झोपायचा ओटा दारापेक्षा उंच ठेवतात. थंड हवा जड असल्याने खाली दाराच्या बोळात साचते. सीलच्या चरबीवर जळणारा दगडी दिवा आणि माणसांच्या अंगची ऊब एवढ्यावर, बाहेर उणे ४० अंश असले तरी आतले तापमान शून्याच्या आसपास राखता येते. दोन्हीकडे विज्ञान एकच.

फिरत्या माणसाचे सरकारला वावडे असते. त्याला मोजता येत नाही, त्याच्यावर लक्ष ठेवता येत नाही. कॅनडा सरकारने १९४१ पासून इनुइटांना क्रमांक कोरलेले बिल्ले वाटले. आपल्याकडे इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला आणि पुढे तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. मेंढपाळ त्यातून सुटले, पण याच परिसरात पाले टाकणारे फासेपारधी सुटले नाहीत. सोलापूरला तारेच्या कुंपणाआड वसाहत उभी राहिली. आत राहायला जागा होती आणि कामही होते. बाहेर जायला मात्र परवानगी लागे आणि हजेरी चुकत नसे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा गेला. छप्पर देणे आणि डांबून ठेवणे यांतले अंतर किती कमी असू शकते, हे त्या वसाहतीने दाखवून दिले.

इनुइटांना कुंपण घातले गेले नाही, पण विखुरलेली कुटुंबे शाळा, दवाखाना आणि दुकान यांच्याभोवती आणून बसवली गेली. १९५३ मध्ये तर काही कुटुंबांना इनुकजुआकहून सुमारे २,००० किलोमीटर उत्तरेला रेझोल्यूट आणि ग्रिझ फिओर्डला नेऊन सोडले, आणि पहिला हिवाळा त्यांनी तंबूंत काढला. याबद्दल सरकारने २०१० मध्ये माफी मागितली. १९६० च्या दशकात वस्त्यांवर सरकारी लाकडी घरे आली. ती इतकी लहान होती की लोक त्यांना ‘काडेपेट्या’ म्हणत. सील जमिनीवर ठेवून, भोवती बसून, कापून वाटून खायची रीत; तेवढी जागा स्वयंपाकघरात नव्हती. ओढगाडीच्या कुत्र्यांना वस्तीत मोकळे सोडायला बंदी होती आणि अनेक ठिकाणी ती मारली गेली. कुत्री गेली तशी शिकारही गेली. बॅफिन बेटाच्या परिसरातल्या या हत्येबद्दलची माफी २०१९ मध्ये आली.

बांधकामाच्या अडचणी वेगळ्याच. तिथली जमीन खाली कायम गोठलेली असते. उबदार घर थेट तिच्यावर टेकले तर ती वितळून घर खचते, म्हणून घरे खांबांवर उभी करतात. बहुतेक सामान उन्हाळ्यात जहाजाने येते, त्यामुळे खर्च अफाट. घरे कमी आणि माणसे जास्त. १ एप्रिल १९९९ रोजी इनुइटबहुल नुनावुत प्रदेश वेगळा झाला तरी हा प्रश्न सुटला नाही. २०२१ च्या जनगणनेत उत्तरेकडच्या आपल्या मूळ प्रदेशांत राहणारे निम्म्याहून अधिक इनुइट दाटीवाटीच्या घरांत आढळले. बंद घरात दाटी झाली की ओल आणि बुरशी वाढते. क्षयरोगही सहज पसरतो, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

आता पुन्हा नीरेच्या काठी येऊ. १८८५ मध्ये नीरा डावा कालवा सुरू झाला आणि बारामती-इंदापूरचा एक पट्टा कायमचा हिरवा झाला. १९३० च्या दशकात वालचंदनगरचा कारखाना उभा राहिला, पुढे सहकारी कारखाने आले, ऊस वाढला. उसाचे रान रिकामे असे फारसे नसतेच; मेंढरे बसवायची कुठे? उजनीच्या जलाशयाखालीही भीमाकाठची रानेच गेली. पाण्याने या भागाचे भले केले, यात शंका नाही. मेंढपाळाच्या चराईचा हिशेब मात्र त्या आनंदात कोणी मांडला नाही.

भटक्या-विमुक्तांसाठी राज्य सरकारने २०११ मध्ये यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना आणली. तीत प्रत्येक कुटुंबाला पाच गुंठे जागा आणि २६९ चौरस फुटांचे घर ठरले. आम्हाला यातले पाच गुंठे अधिक मोलाचे वाटतात, कारण जनावर घरात नाही, अंगणात राहते. पालाचे फार कौतुक करण्यात अर्थ नाही. वळवाच्या पावसात रात्रभर पाल धरून बसणाऱ्या बाईला पक्के घर हवेच असते, आणि घराच्या पत्त्याशिवाय दाखला मिळवणेही जड जाते. पण ते घर बांधताना तिची मेंढरे विचारात घेतली होती का, एवढे विचारायला हवे.

हा प्रश्न मैदानावर मांडता येतो. २६९ चौरस फूट म्हणजे २५ चौरस मीटर. फक्कीने पाच मीटर बाजूचा चौरस आखावा. त्यात मुलांनी चूल, झोपायची जागा, पाण्याची भांडी आणि धान्याची पोती मांडावीत. मग बाहेर पाच गुंठे, म्हणजे साधारण ५०० चौरस मीटर आखावेत आणि शंभर मेंढरांची वाघर, दोन घोडी, कोंबड्यांचे डालगे कुठे बसते ते पाहावे. वर्गात मेंढपाळाचे मूल असेल तर मांडणी त्याच्याकडेच सोपवावी, आणि हे दिवाळीच्या सुटीआधी करावे. नंतर ते वाड्याबरोबर गेलेले असण्याची शक्यता आहे.