खंड्याची पालखी

रायगडावरचा वाघ्या शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतो. खंड्याचं नाव काढलं तर लोक पक्षी समजतात. आम्हा सातारकरांतही निम्म्यांची हीच गत. वास्तविक खंड्या आमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. शहराच्या पूर्वेला, कृष्णा-वेण्णेच्या संगमावर, माहुलीला छत्रपतींच्या घराण्यातल्या समाध्या आहेत. त्याच परिसरात दगडी चौथऱ्यावर एक दगडी कुत्रा बसलाय. तो थोरल्या शाहूमहाराजांचा खंड्या.

माझी उभी हयात महसूल खात्यात गेली. इनामं, वतनं, त्यांचे वर्ग आणि त्यांवरून पेटलेली भाऊबंदकी, सगळं माझ्या टेबलावरून गेलेलं. त्यामुळे मला खंड्याच्या इमानाआधी त्याच्या कागदाचं कौतुक. या कुत्र्याला जहागीर होती! नुसती तोंडी नव्हे, रीतसर सनद करून दिलेली. शिवाय पालखीचा मान.

ही हकिकत कुणा शाहिराची नाही, ग्रँट डफची आहे. १८१८ मध्ये मराठी राज्य बुडाल्यावर हा गृहस्थ साताऱ्याचा कारभार पाहायला आला आणि १८२६ मध्ये त्यानं मराठ्यांचा इतिहास छापला. त्यात तो सांगतो, की वाघाच्या शिकारीत या कुत्र्यानं शाहूराजांचा जीव वाचवला होता. पुढे एकदा भरदरबारी राजांनी कुत्र्याला किनखाबी झूल चढवली, अंगावर दागिने घातले आणि स्वतःचं पागोटं काढून त्याच्या डोक्यावर ठेवलं. त्यानंतर राजांनी कधी डोक्याला काही घातलं नाही. डफसाहेबाच्या हिशेबी हे सगळं राजाला वेड लागल्याचं लक्षण. जहागिरीची सनद आणि पालखी हीसुद्धा त्याच वेडाची पोरं. लोकांनी म्हणे राजाची मर्जी राखायला ती चालू ठेवली.

आमच्याकडे जुनी माणसं हीच गोष्ट वेगळी सांगतात. कुणी एक मानकरी हिऱ्यामोत्यांनी मढून दरबारात मिरवायला येणार होता. त्याचा तोरा उतरवायला महाराजांनी त्याच्याआधी कुत्र्यालाच नटवून बसवलं. मला हेच जास्त पटतं. साहेबाला दरबारातली खोच कळली नसावी. वेडा माणूस सनद करत नाही. सनदेला शिक्का लागतो, दप्तरात नोंद लागते, कारकून लागतो.

पालखीचंही तसंच. त्या काळी पालखी म्हणजे बसायचं साधन नव्हे, दर्जा. सरकारनं पालखी दिली म्हणजे भोयांच्या पगाराची नेमणूकही दिली. खंड्याच्या नावानं पालखी चालू होती म्हणजे कुणा भोयांच्या घरची चूल त्या कुत्र्यावर पेटत होती. इंग्रजांनी पुढे इनाम कमिशन नेमून प्रत्येकाला ‘सनद दाखव’ म्हणून घाम फोडला, वर्ग पाडले. वर्ग एक सरंजाम, वर्ग दोन जात इनाम, वर्ग तीन देवस्थान. खंड्याचं प्रकरण माझ्याकडे आलं असतं तर मी त्याला वर्ग एकमध्ये घातलं असतं. राज्याच्या धन्याचा जीव वाचवला, याहून राजकीय कामगिरी ती काय?

शाहूराजांचं प्राणीवेड नवं नव्हतं. शिकार, पक्षी, घोडे, कुत्रे यांचा त्यांना षोकच होता. मला मात्र त्यांच्या पोरवयाची आठवण येते. १६८९ मध्ये रायगड पडला आणि सात वर्षांचं हे पोर आईबरोबर मोगलांच्या कैदेत गेलं. पुढची सतराअठरा वर्षं औरंगजेबाच्या छावणीत. छावणी हलली की याचाही तंबू हलायचा. बादशहा मेला तेव्हा, १७०७ मध्ये, माळव्यात त्यांची सुटका झाली. तिथून नर्मदा, तापी उतरून ते देशावर आले, तर इथे चुलती ताराबाई म्हणाल्या, हा शाहू खराच कशावरून? घरी परतलेल्या माणसाला घरानं ओळखू नये, यासारखी शिक्षा नाही. लढाई करून त्यांना साताऱ्याची गादी घ्यावी लागली. १७०८ च्या जानेवारीत राज्याभिषेक झाला. आई येसूबाई त्यानंतरही १७१९ पर्यंत दिल्लीच्या कैदेतच. असा माणूस कुत्र्याला पागोटं घालतो, यात मला तरी वेड दिसत नाही. कुत्रा वास घेऊन ओळखतो, दाखला मागत नाही.

आता वाघ्याकडे बघा. १६८० मध्ये त्यानं शिवरायांच्या चितेत उडी घेतली, असं सांगतात. समकालीन कागदात त्याला आधार नाही. गडकऱ्यांच्या ‘राजसंन्यास’ नाटकानं त्या कथेला बळ दिलं, १९३६ मध्ये रायगडावर स्मारक झालं, होळकरांनी देणगी दिली. त्यावरून वाद पेटतो, विझतो. २०२५ मध्ये ते स्मारक हटवण्याची मागणी पुन्हा झाली. त्या वादात मी पडत नाही. मला एवढंच दिसतं, की ज्याला कागद नाही तो घराघरांत गेला आणि ज्याला सनद आहे तो नदीकाठी एकटा बसलाय. कारण उघड आहे. वाघ्या जळाला. खंड्या जगला, जहागीर खाल्ली, पालखीत बसला. मेल्याशिवाय इमान मोजायचं नाही, ही आपली जुनी खोड.

म्हणूनच २०२४ च्या जुलैमधल्या एका बातमीनं मला फार बरं वाटलं. निपाणी तालुक्यातल्या यमगर्णीचा एक वारकरी आषाढीच्या आधी पायी पंढरपूरला निघाला. गावातला एक कुत्रा त्याच्यामागे लागला. त्याला गाव ‘महाराज’ म्हणायचं. भजन सुरू झालं की तिथे जाऊन बसणारा. माणसाच्या पावलाला पाऊल लावून तो सुमारे २५० किलोमीटर चालला. पंढरपुरात दर्शन घेऊन माणूस बाहेर आला, तर कुत्रा गायब. शोधलं, विचारलं, लोक म्हणाले, दुसऱ्या दिंडीबरोबर गेला. माणूस १४ जुलैला घरी परतला. दुसऱ्या दिवशी दाराबाहेर महाराज उभा, शेपूट हलवत, जसं काही घडलंच नाही.

गावानं हार घातला, ओवाळलं, पंगत घातली. पांडुरंगानंच वाट दाखवली, असं गावकरी म्हणाले. असेलही. माझा कारकुनी तर्क असा, की तो गाडीत बसून गेला नव्हता. जाताना प्रत्येक फाटा, प्रत्येक ओढा, प्रत्येक मुक्काम त्यानं नाकानं पाहिलेला. आणखी एक बारीक गोष्ट त्या बातमीत होती, ती बहुतेकांच्या नजरेतून सुटली. कुत्रा हडकलेला नव्हता. चांगला खाऊनपिऊन आल्यासारखा दिसत होता. म्हणजे पंढरपूर ते यमगर्णी, वाटेवरच्या कुणी ना कुणी त्याला भाकरी घातली होती, आणि तीही सनद न विचारता.