कुणी नसलेल्यांची बातमी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

रमण राघव हे नाव ऐकले नाही असा पन्नाशीपुढचा माणूस महाराष्ट्रात सापडणे कठीण. त्याला पकडणारे फौजदार अ‍ॅलेक्स फियालो आणि तपासाची सूत्रे हाती घेणारे रमाकांत कुलकर्णी ही नावेही पुष्कळांना आठवतील. पण त्याच्या हातून मेलेल्यांपैकी एखादे नाव सांगा म्हटले, तर आपण गप्प बसतो. मुंबईच्या उपनगरांत रेल्वेच्या कडेने, झोपडीत आणि फुटपाथवर झोपलेली ती माणसे होती. १९६५-६६च्या पहिल्या सत्रात १९ जणांवर हल्ले झाले, त्यातले ९ दगावले. संशयावरून रमण राघव तेव्हाही हाती लागला होता आणि पुराव्याअभावी सुटला होता. १९६८ साली मुंबई पुन्हा हादरली आणि २७ ऑगस्टला तो पकडला गेला. त्याने ४१ खुनांची कबुली दिली. ४१ म्हणजे एक आख्खा वर्गच की! पण आपल्या आठवणीच्या हजेरीपटावर नाव उरले ते फक्त एकाचे.

मी कविता लिहिणारा माणूस आहे, गुन्ह्यांचा अभ्यासक नव्हे. पण कवितेला एक सवय असते. ज्याचे नाव कुणी घेत नाही त्याच्याकडे तिचे लक्ष आधी जाते. म्हणून आज मी तुम्हाला मारेकऱ्यांपेक्षा मेलेल्यांची नावे विचारणाऱ्या बायकांची गोष्ट सांगणार आहे. ती घडली अमेरिकेत, पण तिचे धागे आपल्या अंगणापर्यंत येतात.

बोस्टन शहर, १४ जून १९६२. अ‍ॅना स्लेसर्स नावाची ५५ वर्षांची बाई आपल्या खोलीत मृत सापडली. लॅटव्हियातून आलेली, शिवणकाम करून पोट भरणारी. गळा आवळलेला, दार मात्र फोडलेले नव्हते. ३० जूनला त्याच शहरात नीना निकोल्स ही ६८ वर्षांची निवृत्त फिजिओथेरपिस्ट तशीच मारली गेली. जवळच्या लिन गावात हेलन ब्लेक ही ६५ वर्षांची परिचारिकाही तशीच गेली. ऑगस्टमध्ये आणखी दोघी. साऱ्या एकट्या राहणाऱ्या आणि बहुतेक उतारवयाच्या. त्यांच्यामागे मोर्चा काढणारे कुणी नव्हते.

‘रेकॉर्ड अमेरिकन’ या बोस्टनच्या दैनिकात लोरेटा मॅक्‌लॉफलिन नावाची बातमीदार होती. तिने या मृत्यूंच्या बातम्या एकाशेजारी एक ठेवल्या आणि संपादकांकडे लेखमालेची परवानगी मागितली. त्यांना त्यात काही अर्थ दिसेना. त्या बायका म्हणजे कुणीच नव्हत्या, त्यांच्यावर मालिका कशाला, असा त्यांचा सूर होता. पुढे ३० वर्षांनी, १९९२ साली, लोरेटाने ही हकीकत लिहिली. तिला मालिका करावीशी वाटली ती नेमकी याच कारणाने. ज्यांच्याकडे पैसा नाही, सत्ता नाही, कुणाशी वैर नाही, अशा बायकांना कुणी का मारावे? हाच तर बातमीचा गाभा होता.

मित्रहो, संपादक वाईट माणूस होता असे समजू नका. कोणाचे मरण पहिल्या पानावर जाते आणि कोणाचे आतल्या पानावर चार ओळींत संपते, याचा एक न लिहिलेला हिशेब प्रत्येक वर्तमानपत्रात असतो. तो हिशेब पुरुषांनी मांडलेला होता. बायकांनी त्यात पाककृती, फॅशन आणि लग्नसमारंभ सांभाळायचे होते. लोरेटाने त्याच हिशेबावर बोट ठेवले.

तिच्या जोडीला आली जीन कोल. जीन मुरलेली शोधबातमीदार. रुग्णालये आणि वृद्धाश्रमांतला अनाचार उघड करण्यासाठी तिने वेश पालटून तिथे काम केले होते. तिच्या मागे एक परंपराही होती. १८८७ साली नेली ब्लाय या तरुणीने वेडाचे सोंग घेऊन न्यूयॉर्कच्या वेड्यांच्या इस्पितळात दहा दिवस काढले होते आणि तिथला छळ जगापुढे आणला होता. लोरेटा आणि जीन १९६३च्या सुरुवातीला कामाला लागल्या. शेजारीपाजारी, नातलग, डॉक्टर, पोलीस, सगळ्यांकडे गेल्या. ठिकठिकाणच्या तपशिलांची त्यांनी तुलना केली. एका गावच्या पोलिसांना दुसऱ्या गावच्या कागदात काय आहे ते नीट कळत नव्हते. ते या दोघींनी वाचकांसमोर एकत्र ठेवले.

वर्तमानपत्राने मात्र यातही आपला फायदा पाहिला. लेखांसोबत दोघींचे फोटो छापले, आणि त्यांना ‘मुली’ म्हणून मिरवले. दोघीही तेव्हा पस्तिशीच्या आसपासच्या, संसार सांभाळून नोकरी करणाऱ्या! बायकांनी खुनाचा तपास करावा याचेच नवल विकले जात होते. त्या लिहीत होत्या भीतीचे कारण शोधण्यासाठी, पण अंक खपत होता भीतीवर. दुसऱ्याच्या मरणावर लिहिणाऱ्या कुणालाही हा पेच सुटलेला नाही. कवीलासुद्धा नाही.

खून थांबले नव्हते. डिसेंबर १९६२ मध्ये २० वर्षांची सोफी क्लार्क ही विद्यार्थिनी मारली गेली आणि सारे अंदाज कोसळले. मारेकरी म्हाताऱ्या बायकांनाच मारतो, हा तर्क खोटा ठरला. ४ जानेवारी १९६४ रोजी १९ वर्षांची मेरी सलिव्हन गेली. एकूण संख्या १३ धरली जाते, काही जण ११ धरतात. तेव्हा कुठे राज्याचे अ‍ॅटर्नी जनरल एडवर्ड ब्रूक यांनी वेगवेगळ्या गावांचे तपास एका छताखाली आणले. ब्रूक हे कृष्णवर्णीय होते, पुढे ते अमेरिकेच्या सिनेटवर निवडून गेले. सगळे कागद एकत्र आणण्याचे जे काम दोन बातमीदार बायकांनी वर्षभर आधी सुरू केले होते, तेच आता सरकारने हाती घेतले.

पुढे अल्बर्ट डीसाल्वो नावाच्या माणसाने सगळे खून आपण केल्याचे सांगितले. पण त्या खुनांचा खटला त्याच्यावर कधीच चालला नाही. १९६७ साली त्याला जन्मठेप झाली ती दुसऱ्याच गुन्ह्यांसाठी, आणि १९७३ साली तुरुंगातच त्याचा खून झाला. २०१३ साली डीएनए चाचणीतून मेरी सलिव्हनच्या खुनाशी त्याचा संबंध जुळला. बाकीच्या खुनांबाबत असा पुरावा नाही आणि ते सारे एकाच माणसाचे काम होते का, यावर आजही वाद आहे. २०२३ साली मॅट रस्किन यांनी या प्रकरणावर ‘बोस्टन स्ट्रँगलर’ हा चित्रपट काढला, त्यात कीरा नाइटली लोरेटा झाली आणि कॅरी कून जीन. बायकांनी केलेल्या शोधावर चित्रपट निघाला, तरी पाटीवर नाव झळकले ते मारेकऱ्याचेच.

इराणमधल्या मशहदची गोष्ट याहून बोचरी आहे. २०००-०१ मध्ये सईद हनाई नावाच्या माणसाने तिथे १६ बायकांना गळा आवळून मारले. त्यातल्या बहुतेक गरीब, देहविक्रय करणाऱ्या, नशेच्या आहारी गेलेल्या होत्या. आपण शहर स्वच्छ करतो आहोत असे तो म्हणाला. दुःख याचे, की त्याला पुण्यवान समजणारेही निघाले. रोया करीमी या महिला पत्रकाराने तुरुंगात त्याची मुलाखत घेतली. ती मजियार बहारी यांच्या माहितीपटात आहे. २००२ साली त्याला फाशी झाली. २०२२च्या ‘होली स्पायडर’ या चित्रपटात एक काल्पनिक महिला पत्रकार त्याचा माग काढते. ते काम करणाऱ्या जार अमीर इब्राहिमी यांना कान महोत्सवात अभिनयाचे पारितोषिक मिळाले. माझ्या धर्माचे नाव घेऊन कुणी असे करतो तेव्हा मला गप्प बसता येत नाही. ज्या दीनाची सुरुवात रहमतीच्या नावाने होते, त्यात एका बेसहारा बाईचा गळा आवळण्याला पुण्य म्हणायला जागाच नाही. हे बोलायला आलीम लागत नाही, माणूस पुरे.

आता आपल्याकडे येऊ. कोल्हापूरचे अंजनाबाई गावित आणि तिच्या मुली रेणुका शिंदे व सीमा गावित यांचे प्रकरण १९९६ साली उघड झाले. १९९० पासून १३ मुले पळवल्याचा आणि त्यातल्या अनेकांना ठार केल्याचा आरोप त्यांच्यावर होता. चोरी करताना पकडले गेलो तर कडेवरचे मूल पाहून लोकांना दया यावी, यासाठी ही मुले वापरली जात. बस स्थानक, देऊळ, जत्रा अशा गर्दीच्या ठिकाणांहून ती उचललेली, बहुतेक गरीब घरांतली. खटला चालण्याआधीच आई तुरुंगात वारली. मुलींची फाशी सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली कायम केली. दयेच्या अर्जावर सरकारने लावलेल्या विलंबामुळे २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयाने तिची जन्मठेप केली. या साऱ्या काळात आपण बहिणींचे फोटो पाहिले, त्यांचे वय मोजले, बाई इतकी क्रूर कशी यावर चर्चा केली. पण मला वेगळाच प्रश्न छळतो. एका गावातले मूल हरवते, दुसऱ्या गावातले हरवते, तिसऱ्या गावातले हरवते. प्रत्येक ठाण्यात एक कागद तयार होतो. ते कागद एकाशेजारी एक ठेवायला सहा वर्षे का लागावीत? बोस्टनमध्ये लोरेटाने केले ते एवढेच तर होते.

मराठीत बायकांनी लेखणी हाती घेऊन नाव नसलेल्या मृतांची बातमी दिली नाही, असे मात्र नाही. १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये मुक्ता साळवे या जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या मुलीचा निबंध छापून आला. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा. मोठमोठ्या इमारतींच्या पायात आपल्या माणसांना शेंदूर पाजून पुरले जाई, हे त्या कोवळ्या वयाच्या मुलीने लिहिले. विचार करा, वाड्याचे मालक कोण, बांधला कुणी, याच्या बखरी झाल्या. पायात कोण आहे ते एका शाळकरी पोरीने सांगितले. माझ्या दृष्टीने मराठीतली पहिली शोधबातमी तीच. पुढे १९०६ नंतर सत्यशोधकांच्या ‘दीनबंधू’चे संपादन तानुबाई बिर्जे यांनी पतीच्या पश्चात सांभाळले. म्हणजे बाईच्या हातातली लेखणी ही आपल्याकडे विलायतेहून आलेली वस्तू नाही.

ही लेखणी चालवण्याची किंमतही बायकांनी मोजली आहे. ११ जून २०११ रोजी मुंबईत पत्रकार जे. डे यांचा खून झाला. त्या प्रकरणात जिग्ना व्होरा या गुन्हेवार्ता देणाऱ्या महिला पत्रकाराला अटक झाली. काही महिने भायखळ्याच्या तुरुंगात काढावे लागले आणि २०१८ साली न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. अटकेच्या दिवसांत त्यांच्याविषयी जे छापले गेले, त्यात त्यांच्या कामापेक्षा त्यांच्या बाईपणाचीच चर्चा अधिक होती. त्यांच्या आत्मकथनावर २०२३ साली ‘स्कूप’ ही मालिका निघाली. ‘मुली’ म्हणून फोटो छापणारे बोस्टनचे दैनिक आणि आपण, यात अर्धशतक उलटूनही फार अंतर पडले नाही.

मी राहतो त्या कुंभारीत, सोलापूरच्या वेशीवर, विडी कामगार बायकांची मोठी वसाहत आहे. १० हजार घरांची. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरांच्या किल्ल्या दिल्या गेल्या. वसाहतीला नाव आहे गोदूताई परुळेकरांचे. वारली माणसाचे नाव कुणी विचारत नव्हते त्या काळात त्याच्या झोपडीत राहून त्याची कहाणी लिहिणाऱ्या बाईचे. इथे तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठी अशा चार भाषांत बायका बोलतात आणि एकाच हाताने विड्या वळतात. वळलेल्या विड्या कारखान्यात नेल्या की त्यातल्या काही नापास करून बाजूला काढतात. त्याला ‘छाट’ म्हणतात. पान तेच, तंबाखू तोच, मेहनत तीच, पण हिशेबात नाही.

वर्तमानपत्रे वाचताना मला हा शब्द पुन्हा पुन्हा आठवतो. आपण माणसांतही छाट काढतो. ही बाई एकटी राहत होती, ती रात्री बाहेर होती, तिचा धंदाच तसला, ते पोर भिकाऱ्याचे, तो फुटपाथवरचा. एकेक विशेषण लावत गेलो की मरण हलके होत जाते, आणि मारेकऱ्याला हवा असतो तो हाच अंधार. रमण राघव वर्षानुवर्षे मोकळा हिंडला तो काही फार हुशार होता म्हणून नव्हे. तो ज्यांना मारत होता, त्यांची गणती करायला शहराला सवड नव्हती म्हणून. फाशीची शिक्षा झालेल्या या माणसाला न्यायालयाने १९८७ साली मनोरुग्ण म्हणून जन्मठेप दिली आणि १९९५ साली तो पुण्याच्या ससून रुग्णालयात वारला. त्याच्या आजाराचे निदान झाले. शहराच्या आजाराचे राहूनच गेले.

लोरेटा मॅक्‌लॉफलिन पुढे ‘बोस्टन ग्लोब’च्या अग्रलेखाच्या पानाची प्रमुख झाली. एड्सविषयी बोलायलाही लोक कचरत तेव्हा तिने त्या रुग्णांवर लिहिले. पुन्हा तेच, ज्यांना लोक मोजत नव्हते त्यांच्यावर. जीन कोल २०१५ साली गेली, लोरेटा २०१८ साली. मारेकरी कोण, हे त्या दोघींना पूर्ण सांगता आले नाही. पण मेलेल्या बायका कोण होत्या, काय काम करीत, त्यांना कोण भेटायला येई, हे त्यांनी शहराला सांगितले. न्याय पुढची गोष्ट आहे. त्याआधी मेलेला माणूस कुणीतरी होता, हे मान्य व्हावे लागते.

तेव्हा श्रोतेहो, उद्या सकाळी वर्तमानपत्र उघडाल तेव्हा आतल्या पानावर, जाहिरातीच्या खाली, ‘अनोळखी महिलेचा मृतदेह’ असा चार ओळींचा मजकूर दिसेल. तो ओलांडून पुढे जाऊ नका. कुठल्याशा घरी तिच्या वाटेकडे डोळे लावून कुणी बसले असेल. तिथे ती अनोळखी नाही.