देवळालीचे गणिती कापरेकर आणि त्यांचे लेखन

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) हे नाशिक जिल्ह्यातील देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. पदव्युत्तर पदवी नाही, विद्यापीठात जागा नाही. तरीही संख्यांच्या अभ्यासात त्यांचे नाव जगभर घेतले जाते.

त्यांचा जन्म डहाणूचा. शालेय शिक्षण ठाण्यात, तर महाविद्यालयीन शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये झाले. विद्यार्थिदशेतच, १९२७ मध्ये, त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले. १९३० ते १९६२ या काळात त्यांनी देवळालीत अध्यापन केले.

'६१७४' ही संख्या त्यांची खरी ओळख. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून मोठ्या संख्येतून लहान वजा करावी आणि उत्तरावर पुन्हा तीच क्रिया करावी. कापरेकरांचे जन्मवर्षच घेऊ. १९०५ पासून ९५१०-०१५९=९३५१, मग ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या वजाबाकीला ६१७४. त्यापुढे उत्तर बदलत नाही. सातपेक्षा अधिक पायऱ्या कधीच लागत नाहीत. गोंदियातल्या एखाद्या शाळेतील विद्यार्थीही वहीच्या एका पानावर हे पडताळून पाहू शकतो. या संख्येवरील त्यांचा लेख १९५५ मध्ये 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका' या अमेरिकी नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

४५ चा वर्ग २०२५ आणि २०+२५=४५; अशा संख्यांना आज 'कापरेकर संख्या' म्हणतात. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जाणाऱ्या संख्यांचे 'हर्षद' हे नाव त्यांनीच ठेवले. 'डेमलो' संख्यांचे नाव तर रेल्वे स्थानकावरून, म्हणजे आजच्या डोंबिवलीवरून आले. २१ मध्ये तिच्या अंकांची बेरीज मिळवली की २४ येते. २० मात्र अशा रीतीने कोणत्याच संख्येपासून मिळत नाही. अशा 'स्वयंभू' संख्यांवर त्यांनी १९६३ मध्ये देवळालीहून इंग्रजी पुस्तिका काढली.

त्यांचे बरेचसे लेखन अशाच स्वतः छापलेल्या पुस्तिकांत आणि फारशा प्रतिष्ठित न मानल्या जाणाऱ्या नियतकालिकांत विखुरले आहे. यातील बहुतेक गुणधर्म दशमान पद्धतीवर अवलंबून असल्याने त्याकडे करमणुकीचे गणित म्हणून पाहिले गेले. तो आक्षेप अगदीच निराधार नाही. परंतु मार्टिन गार्डनर यांनी मार्च १९७५ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'मधील आपल्या सदरात कापरेकरांविषयी लिहिले आणि देवळालीतल्या या निवृत्त शिक्षकाचे नाव सर्वदूर पोहोचले. तेव्हा त्यांचे वय ७० होते.

पुढे संगणकावर आज्ञावली लिहायला शिकणाऱ्यांना ६१७४ हा हमखास सरावाचा प्रश्न झाला. स्वयंभू संख्यांची गोष्ट मात्र वेगळी. १९७० च्या दशकात हीच कल्पना परदेशात स्वतंत्रपणे मांडली गेली आणि तिला 'कोलंबियन संख्या' हे नाव मिळाले. संदर्भग्रंथांत आता त्या दोन्ही नावांनी आढळतात; काही ठिकाणी 'देवळाली संख्या' असाही उल्लेख असतो.