सकाळची नभोवाणी आणि थट्टेचा परवाना

सकाळी साधारण सात ते अकराच्या दरम्यान एफएम वाहिन्यांवर गाण्यांच्या मधल्या जागेत निवेदक शहराच्या कारभाराची, पुढाऱ्यांच्या आश्वासनांची, तुंबलेल्या रस्त्यांची आणि प्रसंगी स्वतःची व श्रोत्यांचीही थट्टा करतात. नक्कल, विडंबनगीत, काल्पनिक पात्रांचे संवाद, श्रोत्यांचे दूरध्वनी आणि फसवे दूरध्वनी ही या कार्यक्रमप्रकाराची ठळक अंगे होत. त्याची भाषा घरगुती असते आणि मोठ्या पदाचा मुलाहिजा तो फारसा बाळगत नाही. वाहिनीला ध्वनिलहरी वापरण्याची परवानगी सरकार देते. पण थट्टेची परवानगी श्रोता देतो आणि तोच ती काढूनही घेतो. हा प्रकार कोठे रुजला आणि कोठे अंगाशी आला, याचा इतिहास या दुसऱ्या परवानगीभोवतीच फिरतो.

सकाळच का?

नभोवाणी ऐकण्यासाठी हातातले काम सोडावे लागत नाही. स्वयंपाकघरात डबा भरताना, दाढी करताना, बसमध्ये किंवा गाडीत ती ऐकता येते. सकाळी अनेक माणसे एकाच वेळी घराबाहेर पडतात, त्याच पुलावर अडकतात आणि त्याच पावसात भिजतात. त्यामुळे निवेदकाला विनोदाची पार्श्वभूमी समजावून सांगावी लागत नाही. ‘पर्वरी’ एवढा शब्द उच्चारला, की म्हापशाहून पणजीला निघालेल्या माणसाला पुढचे सारे कळते. हाच शब्द नाशिकच्या श्रोत्याला काहीच सांगत नाही. विनोद जितका स्थानिक, तितका तो कमी शब्दांत पोहोचतो. आणि सकाळच्या घाईत फार शब्दांना सवड नसते.

जाहिरातदारांचाही डोळा याच वेळेवर असतो. सकाळचा आणि संध्याकाळी घरी परतण्याचा काळ हे खासगी वाहिन्यांच्या उत्पन्नाचे मुख्य तास मानले जातात. म्हणून वाहिनीचा सर्वांत तल्लख निवेदक बहुधा सकाळी बसवला जातो आणि त्याचा आवाज हीच त्या वाहिनीची ओळख होऊन बसते.

अमेरिकेतील उगम

एकट्या निवेदकाऐवजी चारपाच जणांनी मिळून गोंगाट, नकला आणि टोमणे यांनी सकाळ भरून काढण्याचा साचा अमेरिकेत घडला. स्कॉट शॅनन आणि क्लीव्हलंड व्हीलर यांनी १९८१ मध्ये फ्लोरिडातील टॅम्पा शहरात तो लोकप्रिय केला. शॅनन १९८३ मध्ये न्यूयॉर्कला गेले, तेव्हा हा साचाही त्यांच्याबरोबर गेला. या प्रकाराला तिकडे ‘मॉर्निंग झू’, म्हणजे सकाळचे प्राणिसंग्रहालय, असे नाव पडले.

थट्टेची मर्यादा ताणून पाहणारे निवेदकही तेथेच पुढे आले. हॉवर्ड स्टर्न यांच्या कार्यक्रमातील अश्लीलतेच्या तक्रारींपोटी त्यांच्या कंपनीने १९९५ मध्ये सुमारे १७ लाख डॉलर भरून सरकारी नियामकाशी तडजोड केली. २००६ पासून स्टर्न उपग्रह नभोवाणीवर गेले, कारण तेथे हे निर्बंध लागू नव्हते. डॉन आयमस यांचे प्रकरण वेगळे होते. एप्रिल २००७ मध्ये त्यांनी रटगर्स विद्यापीठाच्या महिला बास्केटबॉल संघाबद्दल वर्णद्वेषी व स्त्रियांचा अपमान करणारे उद्गार काढले. जाहिरातदार पाठ फिरवू लागले आणि काही दिवसांतच कार्यक्रम बंद झाला. वर्षानुवर्षे राजकारण्यांची टर उडवणाऱ्या या निवेदकाला महाविद्यालयीन खेळाडू मुलींची केलेली टर भोवली.

मराठी मुलखातील पूर्वपीठिका

अधिकाऱ्याची आणि श्रीमंताची खिल्ली उडवण्याची परंपरा मराठी मुलखात नभोवाणीच्या फार आधीची आहे. तमाशातील बतावणीत सोंगाड्या पाटलापासून राजापर्यंत कुणालाही सोडत नाही. शिमग्यात एरवी तोंडाबाहेर न पडणारे शब्द चव्हाट्यावर उच्चारण्याची मुभा असते. ती मुभा ठरावीक दिवसांची असते आणि सारा गाव ती मानतो. गोमंतकात १८९२ पासून चालत आलेल्या कोंकणी तियात्राने ‘कांतारां’तून सत्ताधाऱ्यांना नावानिशी चिमटे काढण्याची सवय प्रेक्षकांना लावली आहे. या सर्व प्रकारांत थट्टा करणारा आणि ऐकणारा एकाच गावचे असतात. प्रयोग संपल्यावर सोंगाड्याला त्याच वाटेने घरी जायचे असते.

आकाशवाणीने विनोदाला घरात आणले, पण सोवळ्याने. मुंबई केंद्राच्या ‘पुन्हा प्रपंच’ या कार्यक्रमातील पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी ही मंडळी प्रभाकर जोशी, नीलम प्रभू आणि बाळ कुडतरकर यांच्या आवाजांतून श्रोत्यांच्या कुटुंबातलीच होऊन गेली. मध्यमवर्गीय घरातील अडचणी, दुनियादारी आणि सामाजिक विसंगती त्यात हसत हसत येत. सरकारी माध्यमाच्या चौकटीत राहूनही आवाजावरून आपलेपणा निर्माण करता येतो, हे या कार्यक्रमाने सिद्ध केले. पुढच्या खासगी निवेदकांनी चौकट बदलली. आपलेपणाची गरज मात्र तीच राहिली.

भारतीय एफएम आणि बातम्यांची बंदी

१९९३ पासून आकाशवाणीने एफएमवरील काही तास खासगी निर्मात्यांना देऊ केले. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला. त्यानंतर परवान्यांचे लिलाव होऊन जुलै २००१ मध्ये बंगळुरूत देशातील पहिली खासगी एफएम वाहिनी सुरू झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘रेडिओ मिर्ची’ने आपले पहिले केंद्र मुंबई किंवा दिल्लीत न उघडता इंदुरात उघडले. पिढ्यान्‌पिढ्या मराठी कुटुंबे नांदत असलेल्या या शहरात ‘भिया’ हे संबोधन ओळखीची खूण म्हणून चालते. अशा शहरात प्रमाण हिंदीतला सफाईदार निवेदक परका वाटतो आणि बोलीतला हेल काढणारा आपला वाटतो, हे लहान शहरांतील नभोवाणीला लवकरच उमगले.

या वाहिन्यांना एक मोठी अट होती व आजही आहे. त्यांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. तिसऱ्या टप्प्याच्या धोरणाने आकाशवाणीची बातमीपत्रे जशीच्या तशी प्रसारित करण्याची मुभा दिली. वाहतूक, हवामान, परीक्षांचे निकाल, सांस्कृतिक कार्यक्रम, पाणी व वीज यांसंबंधीची माहिती ही बातमी मानली जात नाही. शिवाय आकाशवाणीची कार्यक्रम व जाहिरात संहिता खासगी वाहिन्यांनाही लागू आहे. धर्म वा समाजावर आघात, अश्लीलता, बदनामी, तसेच राजकीय पक्षावर नाव घेऊन हल्ला या गोष्टी तिला मान्य नाहीत.

परिणाम असा झाला, की रस्ता का खचला याची बातमी देता येत नाही, पण रस्ता खचल्यामुळे वाहतूक कोठे तुंबली हे सांगता येते आणि त्यावर गाणेही रचता येते. पक्षाचे नाव टाळायचे आणि खड्ड्याचे घ्यायचे, ही रीत त्यातून पडली. नागरी प्रश्नांवरील सकाळच्या विनोदाला जे वजन आले, त्याचे एक कारण या बंदीत आहे. जेथे वार्ताहराला प्रवेश नाही, तेथे सोंगाड्या शिरला.

मुंबई, जुलै २०१७

या वजनाची परीक्षा मुंबईत झाली. रेड एफएम वाहिनीवरील सकाळच्या निवेदिका मलिष्का मेंडोन्सा यांनी त्या वेळी सर्वतोमुखी झालेल्या ‘सोनू’ या मराठी गाण्याच्या चालीवर विडंबन रचले. खड्डे, तुंबलेले पाणी आणि रखडणाऱ्या लोकलगाड्या यांचा पाढा वाचत त्यांनी महापालिकेवरील नागरिकांच्या भरवशालाच हात घातला. गाण्याची चित्रफीत समाजमाध्यमांवर झपाट्याने पसरली.

महापालिकेतील सत्ताधारी शिवसेनेच्या नगरसेवकांनी ५०० कोटी रुपयांच्या अब्रुनुकसानीच्या दाव्याची मागणी केली. मेंडोन्सा यांच्या वांद्र्याच्या घरी पालिकेचे पथक तपासणीसाठी गेले. तेथे डासांच्या अळ्या आढळल्याचे सांगून नोटीस बजावण्यात आली. विडंबनाला उत्तर म्हणून सत्ताधारी पक्षाच्या बाजूनेही त्याच चालीवर गाणी निघाली. पुढच्या पावसाळ्यात, जुलै २०१८ मध्ये, मेंडोन्सा यांनी ‘झिंगाट’च्या चालीवर पुन्हा खड्ड्यांचेच गाणे केले.

गाण्यातील माहितीत नवे असे काहीच नव्हते. त्या पावसात प्रत्येक मुंबईकराने ते खड्डे स्वतः चुकवले होते. म्हणूनच निवेदिकेला पुरावा द्यावा लागला नाही. श्रोताच तिचा साक्षीदार होता. शिवाय ज्याची थट्टा झाली ते स्वतःची यंत्रणा, निधी आणि प्रवक्ते असलेले देशातील सर्वांत श्रीमंत महापालिकेचे प्रशासन होते. त्याला उत्तर देता येत होते, आणि त्याने ते दिलेही. बलवंताने गाण्याला नोटिशीने उत्तर दिले, की लोकांचे कान गाण्याकडेच अधिक वळतात, हेही तेव्हा दिसले.

थट्टा चुकते तेव्हा

सप्टेंबर २००७ मध्ये दार्जिलिंगच्या एका तरुणाने दूरचित्रवाणीवरील गायनस्पर्धा जिंकली. त्यावर दिल्लीतील एका खासगी वाहिनीच्या निवेदकाने नेपाळी भाषकांना पहारेकऱ्याच्या कामाशी जोडणारी टिप्पणी केली. दिल्लीच्या स्टुडिओत ती गंमत ठरली असेल; दार्जिलिंगच्या डोंगराळ भागात ती एका समाजाच्या वर्मी लागली. निषेध सुरू झाले आणि सिलिगुडीत हिंसाचार उसळून संचारबंदी लावावी लागली. थट्टेचा विषय झालेली माणसे त्या वाहिनीची रोजची श्रोती नव्हती. आपल्यावर हसण्याची परवानगी त्यांनी कुणाला दिलेली नव्हती.

फसव्या दूरध्वनीचे प्रकरण याहून गंभीर आहे. भारतीय वाहिन्यांवर याला ‘मुर्गा बनवणे’ म्हणतात. बहुधा एखादा श्रोताच मित्राचा वा नातलगाचा क्रमांक आणि त्याच्या घरातील बारकावे पुरवतो. निवेदक बँकेचा अधिकारी किंवा रागावलेला शेजारी बनून बोलतो आणि शेवटी उलगडा करतो. हा उलगडा होऊन दोन्ही बाजू हसल्या, तरच खेळ पुरा होतो. डिसेंबर २०१२ मध्ये सिडनीच्या एका वाहिनीवरील दोन निवेदकांनी ब्रिटनच्या राजघराण्यातील व्यक्तींचे आवाज काढून लंडनमधील रुग्णालयात दूरध्वनी केला. तेथे उपचार घेणाऱ्या राजघराण्यातील सुनेची माहिती त्यांनी मिळवली आणि ध्वनिमुद्रण प्रसारित केले. तो दूरध्वनी घेऊन पुढे जोडून देणारी परिचारिका कर्नाटकच्या किनारपट्टीवरची, गोव्याच्या शेजारच्याच मुलखातली होती. तीन दिवसांनी तिने आपले जीवन संपवले.

या प्रकरणात ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायपीठाने मार्च २०१५ मध्ये निकाल दिला. खासगी संभाषण संमतीविना मुद्रित करून प्रसारित केल्याने वाहिनीने कायदा मोडला का, हे ठरवण्याचा अधिकार प्रसारण नियामकाला असल्याचे त्याने मान्य केले. अमेरिकेत दूरध्वनीवरील संभाषण प्रसारित करण्यासाठी मुद्रित करायचे असेल, तर समोरच्याला आधी कल्पना देण्याचा नियम आहे. परिचारिका, पहारेकरी, दुकानातील नोकर ही माणसे कामावर असताना अनोळखी आवाजाशी अदबीने बोलणे हाच त्यांच्या नोकरीचा भाग असतो. त्या अदबीचा खेळ केला, की त्यांना उत्तर देण्याची सोय उरत नाही.

श्रोत्याचा वाटा

सकाळच्या विनोदात श्रोता नुसता ऐकणारा नसतो. कोठे झाड पडले, कोठे फेरीबोट बंद आहे, कोणत्या वाड्यावर चार दिवस पाणी नाही, हे निवेदकाला तोच कळवतो. पूर्वी दूरध्वनीने, मग लघुसंदेशाने आणि आता मुद्रित आवाजाच्या संदेशाने हा पुरवठा होतो. निवेदकाच्या विनोदाचा कच्चा माल अशा रीतीने गावातूनच येतो. निवेदक खोटे बोलला, तर पहिला दूरध्वनीही गावातूनच येतो. हीच त्याच्यावरची खरी देखरेख.

हे नाते तुटण्याची कारणेही ठरलेली आहेत. एकाच शहरात मुद्रित केलेला कार्यक्रम अनेक केंद्रांवरून वाजवला, की खड्डा कुठल्याच गावाचा राहत नाही. जाहिरातदाराला दुखवू नये म्हणून बिल्डर आणि हॉटेलवाले वगळले, की उरतात सासू-सून, जाडी माणसे आणि परप्रांतीय मजूर. थट्टा वरून खाली वाहू लागते. ती ऐकायला सोपी आणि करायला बिनधोक असते. पण तिच्यासाठी सकाळी कुणी मुद्दाम वाहिनी लावत नाही.

गोमंतकाच्या संदर्भात

गोव्यात नभोवाणीची सुरुवात पोर्तुगीज राजवटीत, १९४६ मध्ये ‘एमिसोरा द गोवा’ने झाली, मुक्तीनंतर त्याच केंद्राचे आकाशवाणीच्या पणजी केंद्रात रूपांतर झाले. खासगी एफएम वाहिन्या नंतर आल्या. राज्य लहान असल्याने येथे निवेदक, श्रोता आणि थट्टेचा विषय झालेला पंच वा आमदार एकमेकांना बाजारात, जत्रेत, लग्नात भेटतात. हे लहानपण विनोदाला दोन्ही बाजूंनी आवळते. ओळखीमुळे जीभ आवरली जाते आणि ओळखीमुळेच खोटेपणा लपत नाही. मराठी, कोंकणी, हिंदी, इंग्रजी अशा भाषांतून ये-जा करणाऱ्या श्रोत्याला कोणत्या भाषेत हसवायचे, हा येथील निवेदकापुढचा रोजचा प्रश्न असतो. शिमगा आणि तियात्र यांवर वाढलेल्या या श्रोत्याला तिखट बोलण्याचे भय मात्र नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांत ७३० खासगी एफएम वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली आणि मातृभाषेतील स्थानिक कार्यक्रम हा त्यामागचा एक हेतू सांगितला. स्थानिक कार्यक्रम म्हणजे केवळ स्थानिक भाषेत वाजणारी गाणी, असा अर्थ घेतला तर तो हेतू कागदावरच राहील. आपल्या गावचा खड्डा, आपल्या पंचायतीचे बंद दिवे आणि आपल्या आमदाराचे जुने आश्वासन यांवर बोलण्याची धमक असलेला आवाज लहान शहराला मिळतो का, यावर ते अवलंबून आहे. लिलावात वाहिनीला लहरी मिळतील. थट्टेचा परवाना निवेदकाला रोज सकाळी श्रोत्याकडूनच मिळवावा लागेल.