फादर क्लाव्हियस आणि गणिताची अभ्यासपद्धति

ज्युबिली म्हणजे वर्षें मोजण्याचा सण. आपल्या धर्मग्रामाचीं वर्षें ज्या पंचांगानें आपण मोजीत आलों, तें पंचांग १५८२ सालीं रोम येथें सिद्ध झालें, आणि त्या कामीं एका जेजुइट गणितशिक्षकाचा मोठा वाटा होता, हें पुष्कळांस ठाऊक नसेल. फादर ख्रिस्तोफर क्लाव्हियस हें त्यांचें नांव. परंतु पंचांगाइतकेंच मोलाचें असें त्यांचें कार्य शाळेंतलें आहे. गणित हा एका कोपऱ्यांत बसलेल्या शिक्षकाचा विषय नसून सर्व शिक्षकांनीं मिळून मांडावयाचा विषय आहे, हें त्यांनीं आग्रहानें सांगितलें. त्याचा थोडासा इतिहास या प्रसंगीं वाचकांपुढें ठेवीत आहों.

क्लाव्हियस यांचा जन्म १५३८ सालीं जर्मनींतील बाम्बेर्ग येथें झाला. १५५५ सालीं ते जेजुइट संघांत शिरले. पोर्तुगालांत कोइंब्रा येथें शिकत असतां त्यांनीं १५६० सालचें खग्रास सूर्यग्रहण पाहिलें. पुढें आयुष्याचीं बहुतेक वर्षें त्यांनीं रोमच्या जेजुइट महाविद्यालयांत गणित शिकविण्यांत घालविलीं. त्या काळीं तत्त्वज्ञानास मोठा मान असे. गणित मात्र हलकें समजलें जाई. गणित हें खरें शास्त्रच नव्हे, असेंही कांहीं पंडित म्हणत. जो शिक्षक सभेंत मागें बसविला जातो, त्याचा विषय विद्यार्थी मनापासून कसा शिकतील? म्हणून क्लाव्हियस यांनीं वरिष्ठांस लेखी विनंति केली, कीं जाहीर वादसभांस गणितशिक्षकासही इतरांबरोबर बोलवावें, आणि तत्त्वज्ञानाच्या शिक्षकांनीं विद्यार्थ्यांदेखत गणिताची निंदा करूं नये.

१५८४ सालीं संघाचे मुख्य फादर क्लाउदिओ आक्वाविवा यांनीं निरनिराळ्या देशांतील सहा फादरांस रोमांत एकत्र बसवून सर्व विद्यालयांसाठीं अभ्यासक्रमाचा मसुदा करविला. तो १५८६ सालीं प्रांतोप्रांतीं पाठविण्यांत आला. या मसुद्यांत गणिताची जी बाजू मांडली आहे, ती आजही विचार करण्याजोगी आहे. कवीस ताऱ्यांचे उदयास्त, इतिहासकारास देशांचे आकार व अंतरें, राज्यकर्त्यास शांततेंत व युद्धांत लागणारी व्यवस्था, निसर्गाच्या अभ्यासकास प्रकाश व नाद यांचें ज्ञान, आणि ख्रिस्तसभेस सणांची अचूक कालगणना, हें सर्व गणितच पुरवितें, असा त्याचा आशय आहे.

ठिकठिकाणच्या शिक्षकांनीं मसुदा वाचून आक्षेप व सूचना कळविल्या. १५९१ सालीं दुसरा मसुदा झाला, आणि १५९९ च्या जानेवारींत ‘रात्सिओ स्तुदिओरुम’ या नांवानें अभ्यासपद्धति कायम झाली. तींत गणितशिक्षकासाठीं अवघे तीन नियम आहेत. पहिला असा, कीं रोज पाऊण तास युक्लिडची भूमिति शिकवावी, आणि दोन महिन्यांनंतर तिच्या जोडीला भूगोल किंवा खगोल यांतील कांहीं भाग सांगावा. दुसरा असा, कीं दर महिन्यास, निदान दोन महिन्यांनीं, एका विद्यार्थ्यानें तत्त्वज्ञान व ईश्वरविद्या शिकणाऱ्यांच्या मोठ्या सभेपुढें एखादें प्रसिद्ध गणिती कोडें सोडवून दाखवावें. तिसरा, महिन्यांतून एकदां, बहुधा शनिवारीं, झालेल्या अभ्यासाची जाहीर उजळणी करावी. क्लाव्हियस यांनीं मागितलें होतें त्याहून हें पुष्कळ कमी होतें. तरी एक मोठी गोष्ट साधली. गणित बंद खोलींतून सभेंत आलें.

कोडें म्हणजे काय, हें पंचांगावरूनच पाहूं. जुनें वर्ष सूर्याच्या वर्षाहून सुमारें ११ मिनिटांनीं मोठें होतें. म्हणून सुमारें १२८ वर्षांत एक दिवसाचा फरक पडे. ३२५ सालीं निसीया येथें धर्मपरिषद भरली, तेव्हांपासून १५८२ पर्यंत १,२५७ वर्षें झालीं. त्यांस १२८ नें भागिलें असतां जवळजवळ १० येतात. म्हणूनच पोप ग्रेगरी तेरावे यांच्या आज्ञेनें ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशीं १५ ऑक्टोबर मानण्यांत आला. या सुधारणेची मूळ योजना लुईजी लीलिओ यांची. तिचें समर्थन व सविस्तर विवरण क्लाव्हियस यांनीं केलें. आपल्या मुलांनीं हा भागाकार पाटीवर करून पाहावा. ईस्टरचा सण, सूर्याची गति व इतिहास हीं तिन्ही त्यांत एकत्र येतात.

या शिक्षकवर्गाची खरी कसोटी १६११ सालीं लागली. गॅलिलिओनें दुर्बिणींतून पाहिलेलें खरें काय, असा प्रश्न कार्डिनल बेल्लार्मिन यांनीं त्यांस विचारला. क्लाव्हियस, ग्रीनबेर्गर, माल्कोत व लेंबो या चौघांनीं मिळून उत्तर दिलें. गुरूचे चार उपग्रह व शुक्राच्या कला खऱ्या आहेत, असें त्यांनीं लिहिलें. चंद्राचा पृष्ठभाग उंचसखल आहे, हें मात्र वृद्ध क्लाव्हियस यांस पटलें नाहीं. तो मतभेदही त्याच पत्रांत नमूद केला आहे. पृथ्वी स्थिर आहे हें मत क्लाव्हियस यांनीं शेवटपर्यंत सोडलें नाहीं, आणि त्यांत ते चुकले. १६३३ सालीं गॅलिलिओस दोषी ठरविण्यांत आलें, आणि त्या प्रकरणांतील चूक १९९२ सालीं पोप जॉन पॉल दुसरे यांनीं उघडपणें मान्य केली. तरीही जें डोळ्यांस दिसलें तें गुरुशिष्यांनीं एका कागदावर लिहून दिलें, हें विसरतां येणार नाहीं. क्लाव्हियस १६१२ सालीं निवर्तले.

त्यांचे एक शिष्य फादर मात्तेओ रिच्ची १५७८ सालीं गोव्यास आले व १५८२ सालीं तेथून मकावकडे निघाले. १६०७ सालीं त्यांनीं शू ग्वांगछी या ख्रिस्ती चिनी विद्वानाच्या साह्यानें, आपल्या गुरूच्याच आवृत्तीवरून, युक्लिडचे पहिले सहा खंड चिनी भाषेंत आणले. रोममधील पाऊण तासाचा पाठ असा जगाच्या दुसऱ्या टोकास पोंचला.

वाचकहो, आपल्या मुलास गणित येत नाहीं म्हणून आपण एकट्या गणिताच्या शिक्षकास दोष देतों. परंतु भूगोलाचे, इतिहासाचे व धर्मशिक्षणाचे शिक्षक आणि आपण आईबाप त्याच्या साह्यास कितीदां बसतों? ज्युबिलीच्या वर्षीं हा प्रश्न प्रत्येकानें स्वतःस विचारावा. सृष्टि मापानें, संख्येनें व तोलानें रचणारा परमेश्वर आपल्या मुलांस आणि त्यांच्या शिक्षकांस सत्याची आवड देवो.