सरदारांची अळंबी

परवा नातवाने पोलंडहून एक फोटो पाठवला. पाइनच्या जंगलातली पिवळी अळंबी, टोपलीभर! खाली ओळ होती, "आजोबा, मित्राची आजी म्हणते, बिनधास्त खा. त्यांच्याकडे पिढ्यान् पिढ्या खातात. काल रात्री आम्हीही खाल्ली."

माझी झोप उडाली. वाचायला बसलो.

हिचं नाव ट्रायकोलोमा इक्वेस्ट्रे. लिनियसने १७५३ मध्ये तिला 'इक्वेस्ट्रिस' म्हटलं, म्हणजे घोडेस्वारांची. जुन्या काळी फ्रान्सचे सरदार ती स्वतःसाठी राखून ठेवत, अशी आख्यायिका आहे. शरद ऋतूत पाइनखालच्या रेताड जमिनीत ती उगवते. टोपीखालचे पापुद्रे गंधकासारखे पिवळेधमक, वास पिठाचा, दांड्याला ना कडं ना बुडाशी पिशवी. प्राणघातक 'डेथ कॅप'ला हे दोन्ही असतं आणि पापुद्रे पांढरे असतात. नातवाला एकेक खूण विचारली. सगळ्या जुळल्या. हुश्श केलं!

पण पुढचं वाचलं आणि पुन्हा धास्तावलो. २००१ मध्ये फ्रेंच डॉक्टरांनी बारा रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. सगळ्यांनी हीच अळंबी लागोपाठ निदान तीन जेवणांत खाल्ली होती. शेवटच्या जेवणानंतर एक ते तीन दिवसांत थकवा आला, मांड्या दुखू लागल्या, स्नायू झिजत गेले. तिघे दगावले. पुढे फ्रान्सने तिच्या विक्रीवर बंदी घातली. थोडी खाल्ली तर बाधत नाही, असं मानणारे अभ्यासकही आहेत. वाद मिटलेला नाही.

मंडळी, त्या बारा जणांची ओळख चुकली नव्हती. नाव बरोबर, खुणा बरोबर, परंपरा शेकडो वर्षांची. तरी घात झाला. ती आजीही खोटं बोलली नव्हती. तिला बाधली नाही, एवढंच तिला ठाऊक होतं.

तीन दिवस मी रोज फोन केला. "पाय दुखतात का रे?" तो हसायचा. एकदाच खाल्ली होती, काही झालं नाही. उरलेली मात्र त्याने टाकून दिली, माझ्या हट्टापायी.

वर्गात मी वनस्पतीचं नाव बरोबर सांगणाऱ्याला पैकीच्या पैकी गुण द्यायचो. आता वाटतं, एक गुण राखून ठेवायला हवा होता. नाव कळलं म्हणजे सगळं कळलं, असं मुलांना वाटू नये म्हणून.

असो.